ग्रिल आणि स्मोकरची कव्हरं फिनिक्सच्या उन्हात टिकवायची कशी: एक अख्खा उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आम्ही अमेरिकेत अॅरिझोनामधल्या चँडलरला राहतो, फिनिक्सच्या अगदी शेजारी. ऊन काय चीज आहे हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको पण बाहेरच्यांसाठी सांगते, २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता म्हणजे आपल्या हिशोबाने ४३ अंशांच्या वर, आणि २०२४ ला १०० किंवा त्याहून वरचे दिवस सलग ११३ झाले. पाऊस मात्र वर्षभरात सरासरी १८ सेंटिमीटर. तरी दुकानात कुठलंही ग्रिल कव्हर बघा, पाकिटावर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं. इथे पाण्यापासून वाचवायचंय कुणाला? इथे कव्हर मरतं ते उन्हाने, आणि म्हणून आता कव्हरलाच वाचवायचं कसं हा खरा प्रश्न आहे.

आमच्याकडे दोन वस्तू आहेत, कोळशावरचा गोल केटल ग्रिल आणि पेलेटवर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्यांवर, चालणारा स्मोकर, धुरावर मंद शिजवणारा. घराचं मागचं अंगण पश्चिमेला उघडं, म्हणजे दुपारी दोनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट अंगावर. केटलवर दुकानातलं काळं व्हायनल कव्हर आणि स्मोकरवर अॅक्रिलिकच्या कापडाचं शिवून घेतलेलं कव्हर, दोन्ही एप्रिलमध्ये एकदमच घातली आणि आता जानेवारी चालू आहे, तेव्हा ही तुलना अगदी शेजारी शेजारी ठेवून केलेली आहे.

आधी व्हायनल. हे मुळात पीव्हीसी, ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर घातलेलं असतं आणि ऊन-उष्णतेने ते हळूहळू निघून जातं, वरून यूव्हीने, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी, पॉलिमरच्या साखळ्या तुटतात. मग कव्हर आधी फिकं पडतं, मग कडक होतं, मग घडीवर तडकतं. गावाकडे निळी ताडपत्री पत्र्यावर टाकली की दोन उन्हाळ्यांत तिचा भुगा होतो ना, ती पॉलिथिनची असते, प्लास्टिक वेगळं पण रडगाणं तेच. यावर उपाय म्हणून लोक ३०३ नावाच्या ब्रँडचा, उन्हापासून वाचवणारा प्रोटेक्टंट स्प्रे मारतात. मला खरंच बघायचं होतं काय फरक पडतो ते, म्हणून कव्हरच्या मागच्या पदराचा डावा अर्धा भाग स्प्रे केला आणि उजवा तसाच ठेवला. ऑगस्ट संपता संपता उजव्या बाजूवरून बोट फिरवलं तर बोटाला खडूसारखी राखाडी भुकटी लागली, आणि कापड दुमडलं की घडीवर पांढरी रेघ उठायची जी मागे जायचीच नाही. डावी बाजू अजून काळी, अजून मऊ. म्हणजे स्प्रे काम करतो, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

पण त्याचं पथ्य आहे. कव्हर आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचं, मग सकाळी लवकर सावलीत, कव्हर गार असताना स्प्रे मारून कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यायचं, ओलं ठेवून वाळू द्यायचं नाही नाहीतर पट्टे उठतात. आणि महिना-दीड महिन्याने परत तेच. जून-जुलैत पहाटे पाचलाच तीस अंश असताना हे करणं म्हणजे मनापासून आवड असली तरच होतं. ज्याला हे जमणार नाही त्याने स्प्रेवर पैसे घालू नयेत, एकदा मारून सोडून दिलं तर काही उपयोग नाही.

आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. कव्हर शाबूत असताना आधी जातो तो दोरा. सप्टेंबरमध्ये केटलच्या कव्हरची वरची शिवण नखाने ओढून बघितली तर दोरा कट्कन तुटला, कसलाही जोर न लावता, आणि दोन बोटांत चोळला तर अक्षरशः चुरा झाला. स्प्रे केलेल्या बाजूलासुद्धा! साधा दोरा उन्हात तेवढाच टिकतो. कव्हर विकत घेताना सगळे ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) आहे का, किती थरांचं आहे हे विचारतात, शिलाई कशाची आहे हे कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा. मी ती शिवण उसवून यूव्ही झेलणाऱ्या बॉन्डेड पॉलिस्टर दोऱ्याने घरच्या मशीनवर परत मारली, जाड सुई लावली आणि टाका मोठा ठेवला कारण बारीक टाक्याने व्हायनलला भोकंच भोकं पडून ते तिकीट फाटतं तसं सरळ फाटतं.

आता अॅक्रिलिक. हे सनब्रेला ब्रँडचं कापड, बोटींवर आणि दुकानांच्या छतांवर असतं तेच. याची गंमत अशी की रंग कापडाला नंतर दिलेला नसतो, धागा तयार व्हायच्या आधीच रंगद्रव्य त्याच्या मिश्रणात घातलेलं असतं त्यामुळे रंग धाग्याच्या आरपार असतो. साध्या रंगवलेल्या पॉलिस्टरचं असं नसतं, शिवाय त्याच्या आतून पाणी अडवायला जो पॉलियुरेथेनचा लेप असतो तो उन्हाने सुटून कोंड्यासारखा गळतो आणि ग्रिलच्या झाकणावर चिकटून बसतो. आमच्या स्मोकरच्या कव्हरचा वाळूच्या रंगाचा तुकडा मी कपाटात ठेवला होता, परवा काढून शेजारी धरला तर रंगात फरक सांगता येत नाही. कापडावर दहा वर्षांची वॉरंटी मिळते, पण ती कापडाची, परत शिवायची मजुरी आपलीच. म्हणून शिवायला टाकतानाच मी टेनारा नावाचा दोरा वापरायला सांगितला, तो पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा असतो, उन्हाने त्याला काही होत नाही. महाग आहे, बराच महाग, पण एवढं चांगलं कापड घेऊन साधा दोरा घालण्यात काय अर्थ आहे.

अॅक्रिलिकमध्ये सगळंच चांगलं आहे असं नाही. ते घासलं गेलं की झिजतं. पेलेट भरायच्या डब्याच्या (हॉपरच्या) झाकणाचा कोपरा आणि धुराड्याची टोपी, या दोन ठिकाणी जुलैतच कापड विरविरीत व्हायला लागलं होतं. इथे मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, तेव्हा धुळीची वादळं येतात, हबूब म्हणतात त्याला, बारीक माती कापडात बसते आणि वाऱ्याने कापड हललं की ती पॉलिश पेपरचं काम करते. दोन्ही कोपऱ्यांना आतून व्हायनलचे ठिगळ लावले, आणि प्रत्येक वादळानंतर आधी कोरडा ब्रश, मग पाइपचं पाणी. साबण लावायचाच तर साधा, पाणी कोमट, वॉशिंग मशीन आणि ड्रायरमध्ये घालायचं नाही. व्हायनलचा स्प्रे या कापडाला मारायचा नाही, कापडाचा फॅब्रिक गार्ड वेगळा मिळतो आणि तो पाण्यासाठी असतो. कव्हर घालायच्या आधी स्मोकर पूर्ण गार झालाच पाहिजे, अॅक्रिलिक वितळतं. कापडातून हवा खेळते म्हणून आत दमट होत नाही आणि पेलेट फुगले नाहीत, याचं मला फार समाधान आहे.

पण या सगळ्यापेक्षा जास्त फरक कशाने पडला असेल तर सावलीने. ऑक्टोबरमध्ये नवऱ्याने पश्चिमेच्या बाजूला दोन खांब रोवून शेड सेल बांधलं, ते विणलेल्या एचडीपीई प्लास्टिकचं जाळीदार कापड, नव्वद टक्क्यांच्या आसपास यूव्ही अडवतं असं त्यावर लिहिलेलं. आमच्या पॅटिओला, म्हणजे घरामागच्या बसायच्या जागेला, वरून छप्पर आहेच, जूनमध्ये दुपारी बारा-साडेबाराला इथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो तेव्हा ते पुरतं, पण चार वाजता सूर्य कलला की छप्पर असून नसल्यासारखं. म्हणजे ऊन कुठून येतं हे आधी उभं राहून बघा आणि मग खर्च करा. खालच्या पांढुरक्या खडीवरून उडणारं आणि आकाशातून पसरून येणारं यूव्ही सावलीतही लागतंच, त्यामुळे कव्हर नकोच असं नाही. केटलला मात्र आता सावलीत मी कधी कधी कव्हर घालतच नाही, पोर्सिलेन इनॅमलला उन्हाचं काही वाटत नाही, फक्त हँडल आणि चाकं प्लास्टिकची. स्मोकरचं तसं नाही, त्याच्या कंट्रोलरचा डिस्प्ले उन्हाने काळवंडतो, त्याला कव्हर हवंच.

एवढी काळजी का, तर दोन्ही वस्तू आमच्याकडे रोजच्यासारख्या वापरात असतात. केटलवर भरताची वांगी मेस्कीटच्या लाकडावर भाजते, हे मेस्कीट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचंच भावंड, आणि त्या धुराचा वास लागलेलं भरीत एकदा खाल्लं की गॅसवरचं नको वाटतं.

आता कुणी नवीन घेत असेल तर माझं म्हणणं असं: बजेट कमी असेल तर जाड काळं व्हायनल घ्या, काळंच, कारण त्यातला कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखा काळा रंग, यूव्ही शोषतो, दोरा पहिल्याच वर्षी बदलून टाका, आणि उरलेल्या पैशात शेड सेल बांधा. बजेट असेल तर अॅक्रिलिक शिवून घ्या. शिवताना खाली जमिनीपासून चार बोटं वर ठेवा म्हणजे खडीवर घासत नाही, तळाला इलास्टिक घालू नका, ते सगळ्यात आधी सैल पडतं, त्याऐवजी नाडी ओवा, दरवर्षी बदलता येते.