अ‍ॅपलडोर बेटावरची सागरी शाळा की मालवणचा किनारा? कोल्हापूरच्या विद्यार्थ्यासाठी तुलना

प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेतलेली मुलं दिवाळी झाली की विचारायला येतात: सर, सागरी जीवशास्त्रात जायचंय, उन्हाळ्यात कुठं जाऊ? काहींनी अमेरिकेतल्या शोल्स मरीन लॅबोरेटरीची माहिती वाचलेली असते. कॉर्नेल आणि न्यू हॅम्पशायर ही दोन विद्यापीठं ती मिळून चालवतात आणि १९७३ पासून ती अ‍ॅपलडोर बेटावर भरते. दुसरा पर्याय घाट उतरला की समोरच आहे, मालवण. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी आधी मालवण करावं, तेही नीट, आणि मगच बेटाचा अर्ज भरावा. पण बेटावर जे मिळतं ते मालवणात सहजासहजी मिळत नाही, हेही तितकंच खरं, आणि ते म्हणजे मासे आणि प्रवाळ नव्हेत.

आधी बेट. अ‍ॅपलडोर सुमारे ९५ एकरांचं, किनाऱ्यापासून दहा-एक किलोमीटर आत, सगळा खडक आणि झुडपं. शाळा फक्त उन्हाळ्यात चालते. सकाळी ओहोटीच्या वेळी खडकांवर, दुपारी सूक्ष्मदर्शकापुढं, रात्री व्याख्यान किंवा नोंदींची मांडणी, असा दिवस जातो. खोली दोघा-चौघांत, जेवण सगळ्यांचं एकत्र आणि वेळेवर. गोडं पाणी मोजकं असल्यानं आंघोळीही आठवड्यातून ठरलेल्या. सिंधुदुर्ग किल्ल्यात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. अ‍ॅपलडोरवर विहीर आहे, पण पाऊस ओढला तर ती पुरत नाही आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करून भर घालावी लागते. कोल्हापूरच्या मुलाला, ज्याच्या घरी पाणी नळाला येतं, पहिला धक्का हा बसतो. दुसरा धक्का कुरव पक्ष्यांचा. बेटावर त्यांची घरटी सगळीकडं असतात, वाटेच्या कडेलासुद्धा. पिल्लं असली की मोठे पक्षी थेट डोक्यावर झेप घेतात, त्यामुळं टोपी घातल्याशिवाय बाहेर पडता येत नाही.

पाणी थंड असतं, ऐन उन्हाळ्यात १५ अंशांच्या आसपास. पंचगंगेच्या घाटावर किंवा गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेली आपली मुलं पोहण्यात कमी नसतात, पण या थंडीत दहा मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. मालवणात मे महिन्यात पाणी कोमट असतं. त्रास होतो तो उन्हाचा.

आता मालवण. गगनबावड्याहून करूळ घाटानं किंवा राधानगरीवरून फोंडा घाटानं, एसटीनं गेलं तरी चार-पाच तासांत पोचता येतं. इथला सागरी अभयारण्याचा भाग १९८७ मध्ये जाहीर झाला आणि त्याच्या गाभ्यातच सिंधुदुर्ग किल्ला येतो. रॉक गार्डनच्या खडकांवर ओहोटीला उतरलं की एका नजरेत पट्टे दिसतात. वर बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे बारीक प्राणी) आणि कालवं, आणखी खाली हिरवी-तपकिरी शेवाळं, डबक्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे सी अ‍ॅनिमोन हे प्राणी) आणि शंखात राहणारे खेकडे. जवळच चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. जाळ्यातून काय निघतं ते बघत उभं राहिलं तरी तासाभरात बरंच शिकता येतं. थोडं दक्षिणेला गेलं तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा बचत गट कांदळवनातून होडी फिरवतो. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. अधिवासांची ही विविधता अ‍ॅपलडोरला नाही.

मग अडतं कुठं? वेळेत. आपल्या कॉलेजच्या सहली रविवार आणि सुट्टी बघून ठरतात, समुद्राकडं बघून नाही. कोकणातला कुठलाही कोळी सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला. त्यातून तो भांगाचा दिवस, पाणी फारसं मागं हटतच नाही. मुलं डोक्यावर ऊन घेऊन ओल्या खडकाच्या वरच्या कडेला उभी राहतात आणि ‘काही दिसलं नाही’ म्हणत परततात. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. उधाण असल्यानं पाणी खूप खाली जातं आणि एरवी न दिसणारा पट्टा उघडा पडतो. मालवणला जायचं तर याच दिवसांत, पौर्णिमेच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत, मुक्काम करून जावं. तिथी न बघता, नुसती सुट्टी आहे म्हणून जाऊ नये.

कामाची पद्धत मात्र दोन्हीकडं एकच. लक्ष्मीपुरीत पीव्हीसी पाइप घ्यायचा, अर्धा मीटर बाजूची चौकट करायची, दोऱ्यानं पंचवीस घरं पाडायची. चौकट खडकावर ठेवून प्रत्येक घरात काय आहे ते लिहायचं, मग एक पाऊल खाली, पुन्हा लिहायचं. तिसऱ्या चौकटीपर्यंत कंबर धरते. जोडीदार चिडचिडतो, पेन्सिलीचं टोक ओल्या कागदात रुततं. चप्पल घालून हे होत नाही. बार्नेकलच्या कडा ब्लेडसारख्या असतात, रबरी तळाचे बंद बूटच हवेत. आणि काहीही उचलून पिशवीत टाकायचं नाही. प्रवाळ तर वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, तुटका तुकडासुद्धा घरी आणू नये.

हेच काम बेटावर सलग केलं की त्याला वेगळं वजन येतं. मालवणात संध्याकाळी काम संपलं की आम्ही बाजारात जातो, मासे खातो, फोनवर घरी बोलतो. ते वाईट नाही, पण सकाळी पडलेला प्रश्न तोपर्यंत विरून जातो. बेटावर जायला जागाच नसते. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेली व्यक्ती त्याच गोगलगायीवर काम करत असते, आणि मंगळवारी चुकलेली मोजणी बुधवारच्या ओहोटीला त्याच खडकावर पुन्हा करता येते. या आयुष्यात आपण टिकू का, हे तिथं आठवड्याभरात कळतं. ज्याला संशोधनात जायचं आहे त्याला हे कळणं फार मोलाचं आहे, कारण नंतर पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं तर फार महागात पडतं.

पैशाचं बोललंच पाहिजे. अ‍ॅपलडोरला फी, विमान, विमा, व्हिसा हे सगळं धरावं लागतं, आणि कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना ते कर्जाशिवाय झेपत नाही. अशा कर्जाच्या मी विरोधात आहे. फीमध्ये मदत मिळते का, हे अर्जाआधी थेट त्यांना लिहून विचारा. परीक्षा मे-जूनपर्यंत लांबल्या तर तारखाही जुळत नाहीत. मालवणला घरगुती मुक्काम, जेवण आणि एसटी मिळून चार मित्रांचा खर्च आवाक्यात राहतो. १ जूनपासून मासेमारी बंद होते आणि पाऊसही येतो, तेव्हा उन्हाळी सुट्टीत जायचं तर एप्रिल-मे हाच काळ.

मधला पर्याय हवा असेल तर अंदमान. वंडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ सालचं, आणि तिथंच विद्यार्थी-संशोधकांना राहता येईल असं एक क्षेत्रकेंद्रही आहे. व्हिसाची भानगड नाही, बेटाचा अनुभव बराचसा मिळतो, प्रवाळ तर अ‍ॅपलडोरला नाहीच. पण पाऊस तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचतो आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींमुळं हव्या त्या खाडीत उतरता येत नाही. एप्रिलमध्ये जमलं तरच जा.

दुसऱ्या वर्षाला असाल तर यंदा मालवण. नोव्हेंबर ते मे या काळात पौर्णिमा-अमावस्या बघून तीन-चार वेळा त्याच खडकावर जा आणि एकच वही ठेवा. तिसऱ्या वर्षी किंवा एम.एस्सी.ला अ‍ॅपलडोरचा अर्ज भरताना ‘मला समुद्राची आवड आहे’ हे वाक्य लिहू नका, सगळेच लिहितात. मालवणच्या अमुक खडकावर डिसेंबरात कालवं कुठपर्यंत होती आणि मेमध्ये कुठपर्यंत, ते लिहा.