हँडीकॅमच्या जुन्या कॅसेटी: दुकानात द्याव्या की घरी उतरवाव्या?

नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या मावशीच्या माळ्यावरून बुटांचं एक खोकं खाली आलं. आत सतरा कॅसेटी: अकरा मिनी-डीव्ही, चार हाय-एट, दोन व्हीएचएस-सी. काहींवर निळ्या पेनाने लिहिलेलं, ‘तान्हा पोळा’, ‘बाबांची पंचाहत्तरी’, ‘अंबाझरी’, बाकीच्यांवर नावच नाही. मावशीने विचारलं, “बर्डीच्या बाजारात देऊन डीव्हीडी मारून आणू, की तू घरी करून देशील?” मी म्हटलं, मावशी, आधी कॅसेटी वेगळ्या करू. सतराही कॅसेटींना एकच उत्तर नाही.

माझं मत आधीच सांगते. मिनी-डीव्ही असेल आणि फायरवायरची, म्हणजे कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या जुन्या डिजिटल वायरची, सोय होत असेल तर घरी उतरवा. हाय-एट आणि व्हीएचएस-सी यांचं मात्र चांगलं चालणारं यंत्र कोणाकडे आहे, यावर ठरवा. आणि काहीही केलं तरी डीव्हीडी ही टीव्हीवर बघायची प्रत समजा, आठवणींची एकमेव तिजोरी समजू नका.

आमच्या घरात हे उशिरा कळलं. बहिणीच्या लग्नाची मिनी-डीव्ही कॅसेट एका दुकानात दिली होती. व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीची व्हिडिओ सीडी) हातात आली, सगळे खूश झाले, आणि कॅसेट परत मागायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. महिन्याभराने गेलो तर ती त्यांच्याकडे सापडलीच नाही. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 बिंदूंचं, मिनी-डीव्हीचं 720 बाय 576, म्हणजे चौपट. आज मोठ्या टीव्हीवर ती व्हीसीडी लावली की आजीचा चेहरा ओळखू येतो, पण डोळे दिसत नाहीत.

मिनी-डीव्ही: वायर कोणती, यातच सगळं आहे

मिनी-डीव्ही 1995 साली आली. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपातच नोंदलेलं असतं. फायरवायरने ते उतरवलं की टेपवरचे तेच आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर येतात. टेप धड असेल तर गुणवत्तेत काहीच घट होत नाही. सोनीच्या कॅमेऱ्यावर याच भोकाला ‘आय-लिंक’ म्हणतात, कुठे ‘डीव्ही’ लिहिलेलं असतं. एका तासाच्या कॅसेटीला साधारण 13 जीबी जागा लागते आणि वेळ लागतो बरोबर एक तास, कारण टेप नेहमीच्या वेगानेच फिरते. मावशीच्या अकरा कॅसेटी म्हणजे अकरा तास आणि दीडशे जीबीच्या आत.

पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनने उतरवलं तर काय होतं? कॅमेरा ते आकडे आधी अॅनालॉग चित्रात, म्हणजे आकड्यांऐवजी सलग विजेच्या लहरींत, बदलतो आणि पलीकडचं यंत्र पुन्हा त्याचे आकडे करतं. कडा मऊ पडतात, लाल रंग पसरतो. शिवाय आणखी एक गोष्ट हातची जाते, आणि मला ती फार मोलाची वाटते: डीव्ही टेपवर प्रत्येक दृश्याची तारीख आणि वेळ लपून नोंदलेली असते. फायरवायरने ती सोबत येते. विनडीव्ही नावाचं छोटंसं मोफत सॉफ्टवेअर त्या तारखेवरून फाइलींना नावं देतं आणि चित्रण जिथे थांबलं तिथे फाइल तोडतं. मावशीच्या नाव नसलेल्या कॅसेटींतला एक कार्यक्रम नेमका कोणत्या साली झाला यावर घरात वाद होता. फाइलीच्या नावाने तो मिटला. अर्थात त्या काळी कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तरच.

कॅमेऱ्याला यूएसबीचं भोकही असतं, म्हणून बरेच जण तीच वायर लावतात. बहुतेक मॉडेलांत ते फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असतं. आणि ऑनलाइन मिळणारी ‘फायरवायर ते यूएसबी’ अशी साधी वायर घेऊ नका. दोन्हींची भाषाच वेगळी आहे, नुसती पिन बदलून काम होत नाही.

मग फायरवायर आणायचं कुठून? डेस्कटॉप असेल तर त्यात बसणारं फायरवायरचं पीसीआय-एक्सप्रेस कार्ड मिळतं. विंडोज 10 वर त्याला जुना, ‘लेगसी’ म्हणतात तो ड्रायव्हर घालावा लागू शकतो. लिनक्सवर उतरवण्यासाठी डीव्हीग्रॅब नावाचं सॉफ्टवेअर आहे. सगळ्यात सोपं म्हणजे नात्यात कोणाच्या कपाटात पडलेला जुना लॅपटॉप. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपना चार पिनांचं फायरवायर असायचं. मी बर्डीत मोदी नावाच्या गल्ल्यांत फिरले तेव्हा एक जण म्हणाला, “ते वायर आता भेटत नाही ताई, पिवळ्या पिननंच होते.” वायर शेवटी मिळाली, जुन्या मालाच्या ढिगात. जोडताना कॅमेरा आणि कॉम्प्युटर दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या टोकातून वीजही वाहते, आणि चालू असताना वाकडं खुपसल्याने कॅमेऱ्याचं भोक कायमचं जळू शकतं.

एलपी मोडवर चित्रण केलेलं असेल, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटीत नव्वद मिनिटं भरलेली असतील, तर ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच शोधा. दुसऱ्या कॅमेऱ्यावर अशी टेप बरेचदा चौकोन-चौकोन दाखवते.

हाय-एट आणि व्हीएचएस-सी

इथे पारडं हलतं. व्हिडिओ-एट 1985 सालचं, हाय-एट 1989 सालचं, दोन्ही अॅनालॉग. यांच्यात ‘जसंच्या तसं’ असं काही नसतं. वाजवणारं यंत्र जितकं चांगलं तितकंच चित्र येणार.

घरगुती पातळीवर माझ्या मते उत्तम उपाय म्हणजे सोनीचा डिजिटल-एट कॅमेरा. हा प्रकार 1999 साली आला आणि त्यातली बरीच मॉडेलं जुन्या हाय-एट कॅसेटीही वाजवतात, चित्र आतल्या आत डीव्हीत बदलून थेट फायरवायरने बाहेर देतात. सगळी मॉडेलं नाही, म्हणून उसना आणण्याआधी एक कॅसेट घालून बघा. काहींच्या मेनूत टीबीसी नावाची सोय असते, ती चालू ठेवा. तिने थरथरणाऱ्या उभ्या रेषा सरळ होतात.

ते जमत नसेल तर यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्र. स्वस्त आहे, चालतंही. पण टेप जिथे खराब असेल तिथे ते चौकटी (फ्रेम) गाळतं आणि मग ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. तासभर सलग घेण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे घ्या, म्हणजे हा फरक साठत नाही. कॅमेऱ्याला काळी गोल एस-व्हिडिओ पिन असेल तर पिवळीऐवजी ती वापरा. पिवळ्या पिनचं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या डब्या मात्र टाळा. त्या चित्र ताणून मोठं करतात आणि पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचा सेकंदाला 25 चौकटींचा ताल बरेचदा बिघडवतात.

मूळ कॅमेरा चालत नसेल तर व्हीएचएस-सी कॅसेट अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरला लावावी लागते. घरात चालू व्हीसीआर आता कोणाकडे आहे? जपानच्या फुनाई कंपनीने 2016 साली उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवा व्हीसीआर मिळणं संपलंच. या दोन कॅसेटींसाठी व्हीसीआर शोधत फिरण्यापेक्षा त्या दुकानात देणं मला शहाणपणाचं वाटलं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट असेल तर ती वेगळी काढा. ती एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीची असते, आणि आपला पॅल कॅमेरा ती नीट दाखवेलच असं नाही.

दुकान की घर

दुकानाची बाजू खोटी नाही. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, हेड (टेप वाचणारा भाग) साफ करायचा हात आहे, अडकलेली टेप दुसऱ्या कवचात घालता येते. ज्यांच्या घरी कॉम्प्युटरला हात लावणारं कोणी नाही आणि कॅसेटी दोन-चारच आहेत, त्यांनी दुकानातच जावं.

पण द्यायच्या आधी विचारा. मिनी-डीव्ही फायरवायरने घेता की पिनने? डीव्हीडीसोबत मूळ, न दाबलेली एव्हीआय फाइल माझ्या हार्ड डिस्कवर टाकून द्याल का? दर कॅसेटीचा आहे की तासाचा? चित्रावर दुकानाचं नाव येईल का? मधले कोरे भाग कापाल का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’ आलं तर मी नको म्हणते. आपल्याला कोरा वाटणारा भाग कधी कधी टेबलावर चालू राहिलेला कॅमेरा असतो, आणि त्यात घरातल्यांचं साधं बोलणं ऐकू येतं. मावशीच्या एका कॅसेटीत असे चार मिनिटांचे आवाज आहेत, चित्रात नुसती भिंत. आजोबा चहात साखर मागताहेत. तिने ती भिंत तीनदा पाहिली.

घरी करायचं तर नागपूरचं हवामान लक्षात घ्या. मे महिन्यात पारा 45 च्या वर, माळ्यावरची कॅसेट तापलेली, आणि खाली खोलीत कूलर दमट हवा फेकतोय. तापलेली कॅसेट त्या हवेत आणून लगेच लावू नका, आणि कूलरच्या झोतात कॅमेरा तर मुळीच नको. आतल्या गोल ड्रमवर ओल धरली की टेप त्याला चिकटते. म्हणूनच या कॅमेऱ्यांत ओलीची सूचना असते आणि ती लागली की कॅमेरा चालायचं नाकारतो. कॅसेटी एक-दोन दिवस खोलीत पडू द्या, मग एकदा पुढे पळवून पुन्हा मागे आणा. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी हवा या कामाला सर्वांत बरी. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप बरा पडतो.

डीव्हीडी, की नुसती फाइल?

मावशीला डीव्हीडीच हवी होती, कारण तिच्या टीव्हीखाली प्लेअर आहे आणि रिमोट तिला पाठ आहे. हे कारण मला पुरेसं वाटतं. पण डीव्हीडीत काय मावतं ते समजून घ्या. 4.7 जीबीच्या डिस्कवर 13 जीबीचा तास जसाच्या तसा बसत नाही. तो एमपेग-2 मध्ये दाबावा लागतो. एका डिस्कवर एकच तास ठेवलात तर चित्राला सेकंदाला 8 मेगाबिट देता येतात आणि फरक जवळजवळ दिसत नाही. दोन तास घातलेत तर पाचाच्या आत यावं लागतं, अजूनही बघण्यासारखं. तीन तास कोंबले की नाचणाऱ्या माणसांभोवती चौकोन उमटतात. डिस्क स्वस्त आहे, एका कॅसेटीला एक डिस्क द्या. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये, सेकंदाला 224 किलोबिटने ठेवा. न दाबलेला आवाज दीड मेगाबिट खातो आणि तेवढं चित्रातून कमी होतं. कॅमेरा 12 बिट आवाजावर असेल तर तो 32 किलोहर्ट्झचा असतो, डीव्हीडीसाठी 48 चा करून घ्यावा लागतो.

सगळ्यात जास्त डिस्क बिघडतात त्या ओळींच्या क्रमामुळे. हँडीकॅमचं चित्र सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांचं असतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. डीव्हीत खालची ओळ आधी येते. सॉफ्टवेअरमध्ये ‘वरची आधी’ असं राहिलं तर हलणारी प्रत्येक गोष्ट पुढे-मागे झटके देते. चाचणीसाठी मावसभाऊ लाकडी बैल ओढत धावतो ते दृश्य आम्ही डिस्कवर टाकून टीव्हीवर पाहिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर ही चूक पटकन लक्षात येत नाही. डीव्हीडीसाठी या ओळी एकत्र करू नका, टीव्ही ते काम करतो. मोबाइलसाठी एमपी4 करताना मात्र करा, आणि हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 50 चौकटींची प्रत काढा, 25 ची नको, म्हणजे हालचाल तशीच मऊ राहते. नव्या रुंद टीव्हीवर माणसं जाडी दिसली तर रिमोटवरून 4:3 निवडा.

मेनू बनवायला डीव्हीडीस्टायलर आणि डिस्क मारायला इमेजबर्न, दोन्ही मोफत. वेग मधला ठेवा, 4 किंवा 8. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. घरी मारलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, तो ऊन आणि उष्णतेने विटतो. माळ्यावर त्या परत जाऊ नयेत.

ब्लू-रेवर 25 जीबी मावतात, म्हणजे मूळ डीव्ही जवळजवळ दोन तास. पण प्लेअर किती घरी आहे? त्यापेक्षा दोन हार्ड डिस्क घ्या, एक आपल्याकडे, एक दुसऱ्या घरी. मूळ फाइली दोन्हींवर.

मावशीचं शेवटी असं ठरलं: अकरा मिनी-डीव्ही आणि तीन हाय-एट माझ्याकडे, दोन व्हीएचएस-सी दुकानात. चौथ्या हाय-एटच्या खिडकीतून टेपवर पांढरी बुरशी दिसते. ती मी कॅमेऱ्यात घातलेली नाही. एकदा घातली की हेड खराब होऊ शकतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटींनाही लागू शकते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवली आहे, बुरशी साफ करणारं माणूस मिळेपर्यंत. तिच्यावर मावशीच्या हातचं एकच अक्षर उरलंय, ‘बा’.