फोनला जॅक नाही म्हणून वायरलेस ॲम्प? क्युडेलिक्स ५के वापरून जे वाटलं ते

आधी हेडफोन कोणता आहे ते सांगा, मग ॲम्पचं, म्हणजे हेडफोनला जोर देणाऱ्या डब्याचं, बोलू. ॲम्प घेऊ का असं कोणी विचारलं की मी हेच म्हणतो आणि समोरच्याला वाटते हा उत्तर टाळून राहिला. पण खरंच सगळं तिथेच ठरते. तुमच्याकडे कानात आत जाणारे आयईएम असतील, १६ किंवा ३२ ओहमवाले (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा), तर त्यांना पॉवर-बिवर काही लागत नाही. ॲपलचा तो छोटा पांढरा टाइप-सी डोंगल (फोनला हेडफोनचा जॅक जोडून देणारा तुकडा) १ व्होल्ट देतो, ३२ ओहमवर त्याचे ३१ मिलीवॉट होतात, आणि बहुतेक आयईएमवर कान दुखायला त्याच्याहून पुष्कळ कमी पुरते. फक्त काही अँड्रॉइड फोनवर हा डोंगल हळू वाजतो, तेवढं लावून बघून घ्या.

आता सेनहायझर एचडी ६००सारखा ३०० ओहमचा हेडफोन असेल तर तोच १ व्होल्ट म्हणजे जेमतेम ३ मिलीवॉट. इथून ॲम्पची गोष्ट सुरू होते. माझा क्युडेलिक्स ५के, म्हणजे कॉलरला अडकवायचा छोटा ब्लूटूथ ॲम्प, ३.५ मिमीच्या साध्या जॅकमधून २ व्होल्ट देतो आणि २.५ मिमीच्या बॅलन्स्डमधून (यात डाव्या-उजव्या कानाच्या वायरी पूर्ण वेगळ्या असतात) ४, म्हणजे ३०० ओहमवर १३ आणि ५३ मिलीवॉट. आकडा चौपट झाला म्हणून आवाज चौपट होत नाही बरं का, व्होल्टेज दुप्पट झालं की ६ डेसिबल वाढते, बस. युट्यूबवरचे पोट्टे बॅलन्स्ड लावल्यावर पडदा उघडला, हवा आली वगैरे सांगतात त्यातलं बरंचसं हे ६ डेसिबलच असते, कारण जोरात वाजलेलं आपल्याला नेहमीच जास्त चांगलं वाटते.

मग मी आयईएम ऐकणारा माणूस, मी हा का घेतला? ईक्यूसाठी, म्हणजे बास-ट्रेबल आपल्या मनासारखा करायला. स्पष्ट सांगतो, ईक्यू नसता तर एवढे पैसे घातलेच नसते. यातलं ईक्यू पॅरामेट्रिक आहे, म्हणजे कोणती फ्रिक्वेन्सी, किती रुंद, किती डेसिबल वर किंवा खाली हे सगळं आपण ठरवायचं, आणि मुख्य म्हणजे ते डब्यातच सेव्ह होते, फोनमध्ये नाही. त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपला लावा, घरी टॅबला लावा, तुमची सेटिंग तुमच्यासोबत. ॲपमध्ये ऑटोईक्यूची, म्हणजे हेडफोनच्या मॉडेलप्रमाणे बनवलेल्या ईक्यू सेटिंगची, तयार यादी पण आहे, आपल्या मॉडेलचं नाव शोधा, लागू करा, ऐका. बायरडायनॅमिक डीटी ९९०सारखे हेडफोन ज्यांच्याकडे आहेत त्यांनी ८ किलोहर्ट्झच्या आसपास ४-५ डेसिबल खाली घेऊन बघा, "स" आणि "श" टोचणं बंद होते का नाही ते सांगा मला. जुनी नाट्यगीतं ऐकणाऱ्यांसाठी तर हे मोठंच काम आहे, त्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा भाग किरकिरा असतो, तो थोडा दाबला की गळा पुढे येतो आणि तासभर ऐकलं तरी डोकं धरत नाही. एक लक्षात ठेवा, एखादा बँड वर नेला तर प्रीॲम्प (ॲपमधली एकूण आवाजाची पातळी) तेवढाच खाली न्यायचा, नाहीतर आवाज फाटतो.

ॲप मात्र बाप्पा! पहिल्यांदा उघडलं की कोराडीच्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नेऊन बसवल्यासारखं वाटते, एवढी बटणं, एवढे टॅब. वापरून वापरून हात बसतो, पण घरच्या मोठ्या माणसांना भेट द्यायची असेल तर हा देऊ नका. स्क्रीन पण नाही याला, बाजूची बटणं अंदाजाने दाबायची.

आता ब्लूटूथचं. अँड्रॉइड असेल तर एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त डेटाने आवाज पाठवायची पद्धत) मिळते, अँड्रॉइड ८ पासून म्हणजे २०१७ पासून ते सिस्टीममध्येच आहे. ९९०, ६६० आणि ३३० केबीपीएस असे तीन टप्पे. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन लोक हौसेने ९९० वर ठेवतात आणि मग म्हणतात तुटून राहिलं. माझं रोजचं जाणं-येणं नागपूर मेट्रोने, लोकमान्य नगरकडून बसायचं आणि सीताबर्डीला ॲक्वा लाइनवरून ऑरेंज लाइनवर बदलायचं, संध्याकाळी त्या इंटरचेंजवर शेकडो लोकांचे फोन, इअरबड, घड्याळं सगळी २.४ गिगाहर्ट्झवरच बोलत असतात, त्यात फोन मागच्या खिशात आणि ॲम्प शर्टाच्या कॉलरला, मध्ये आपलं पूर्ण शरीर. ९९० तिथे टिकत नाही. ६६० वर ठेवलं की गाणं अडत नाही, आणि फरक ऐकू येतो असं म्हणणाऱ्याला मी डोळे बांधून ऐकायला बसवीन. एलडॅकवर आवाज थोडा उशिरा येतो, गाण्याला काही नाही, गेमवाल्यांना चालणार नाही.

आयफोनवाल्यांची गंमत वेगळी. तिथे एसबीसी आणि एएसी या ब्लूटूथच्या साध्या पद्धती एवढंच, एलडॅक नाही म्हणजे नाही. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (काही न गाळलेला आवाज) आहे ते खरं, पण ब्लूटूथने ते एएसी होऊनच येते. सीडीचाच डेटा १४११ केबीपीएस असतो, एलडॅकच्या ९९० मध्ये पण तो आहे तसा मावत नाही. लॉसलेसच पाहिजे तर हाच डबा यूएसबीची वायर लावून वापरायचा, ती सोय यात आहे. फक्त मग तो फोनची बॅटरी ओढतो, म्हणून ॲपमधून चार्जिंग बंद करून ठेवायचं.

घ्यायला बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, गेलो होतो पहिले. एका दुकानदाराने कारच्या ऑक्समध्ये लावायचा रिसीव्हर पुढे केला, "भाऊ, हाच चालते, सगळे हाच नेऊन राहिले." त्याचा काही दोष नाही, असलं सामान नागपुरात ठेवून विकायचं कोणाला. पण तो रिसीव्हर आणि हा एक नाही, हे माहीत असू द्या. शेवटी ऑनलाइनच मागवावा लागला.

दुसरे पर्याय पण बघितले होते. फिओ बीटीआर७ ला स्क्रीन आहे, ४.४चा जॅक आहे, वायरलेस चार्जिंग आहे, चार्जिंग बंद करायला बाजूला खरंखुरं बटण आहे आणि बॅटरी ८८० एमएएच, क्युडेलिक्सची ५००. पण किंमत बरीच वर आणि खिशात जड. आयफाय गो ब्लूचा गोल नॉब हाताला फार छान, पण ईक्यूच्या नावाने बास वाढवायचं आणि आवाज रुंद करायचं अशा दोनच सोयी. ज्याला ॲपमध्ये शिरायचंच नाही त्याने गो ब्लू घ्यावा, खरंच.

नागपूरकरांसाठी खास एक गोष्ट. मे महिन्यात आपल्याकडे सावलीत ४५ जाते आणि लिथियम बॅटरी साधारण ४५ च्या वर चार्ज करू नये म्हणतात. गाडीच्या डिक्कीत दुपारभर हा डबा ठेवणं म्हणजे बॅटरीची वाट लावणं. बॅगेत सोबत न्या, चार्जिंग रात्री कूलरसमोर. आणि गाडी चालवताना कानात घालू नका, ते वेगळं सांगायला नको.

हो, आणि वायर राहतेच. कॉलरपासून कानापर्यंत का होईना, आहे. कॉलसाठी माइक डब्यात आहे, कॉलरला लावला की समोरच्याला नीट ऐकू जाते. पण ज्याला वायरच नको त्याने सरळ इअरबड घ्यावेत.

बॅलन्स्ड केबल घेणार असाल तर २.५ची पिन बारीक असते, खिशात वाकते, त्यामुळे एल आकाराची घ्या. आणि २.५ बॅलन्स्डमधून साधा ३.५चा हेडफोन चालवायला स्वस्त कन्व्हर्टर मिळतो तो अजिबात लावू नका, त्यात डाव्या-उजव्याच्या दोन्ही निगेटिव्ह वायरी एकत्र जोडल्या जातात आणि ॲम्प जळू शकतो. उलटं, म्हणजे बॅलन्स्ड केबल ३.५मध्ये लावायचा कन्व्हर्टर, तो बिनधास्त चालतो.