मराठी विकिपीडियावर संपादक: सात-आठ महिने वापरून झाल्यावर (आणि ‘संदर्भ हवा’चं दुखणं)

ज्यांना लांबण नको त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो: पाचापैकी साडेतीन. मध्यंतरी दोनवर आलो होतो, मग चारपर्यंत चढलो आणि गेल्या महिन्यात पुन्हा अर्धा कापला. का कापला ते पुढे येईलच.

खातं उघडणं, दृश्य संपादक, देवनागरी टंकन यांवर वेळ घालवत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते चालतं. मोबाइलवरून साच्यांना (लेखात घालायच्या तयार चौकटींना) मात्र हात लावू नका, डोकं फिरेल. बस.

मी बार्शीचा. आजोबा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. त्यामुळे लिहायचं तर बार्शी लाइट रेल्वेवरच, हे ठरलेलंच होतं. अडीच फुटी रुळांची ही गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केली. १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. १ जानेवारी १९५४ ला सरकारने ती ताब्यात घेतली. आमच्या घरात ही सालं पाढ्यासारखी पाठ आहेत. एका रविवारी बसलो आणि सगळं लिहून काढलं. शेवटी आजोबांची एक आठवण घातली: वारीच्या दिवसांत मालडब्यांतही वारकरी भरलेले असायचे, चढावर इंजिन दमलं की ड्रायव्हर दोन लांब शिट्ट्या द्यायचा, मग धडधाकट माणसं खाली उतरून गाडीबरोबर चालायची आणि माथ्यावर पुन्हा चढायची.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझ्या सदस्य चर्चा पानावर ‘आपले स्वागत आहे’ आणि लेखात जिकडेतिकडे ‘संदर्भ हवा’, म्हणजे पुरावा मागणारी खूण. ‘गोरगरिबांची जिवाभावाची गाडी’ हे शब्द गायब. लेखाच्या इतिहासात (जिथे प्रत्येक बदलाची नोंद राहते) कारण दिलेलं: तटस्थ दृष्टिकोन. १८९७ पुढे संदर्भ हवा, १९२७ पुढे संदर्भ हवा, आणि आजोबांच्या ओळीपुढे तर हवाच हवा.

मी लेखाच्या चर्चा पानावर गेलो आणि जरा तावातावाने लिहिलं. त्यावरही पहिलं उत्तर आलं ते सही करा म्हणून. सही म्हणजे चार वेळा टिल्ड (~ हे चिन्ह) उमटवायचं, की नाव आणि वेळ आपोआप पडते. मुद्द्याचं उत्तर त्याच्या खाली होतं: ‘आपल्या आजोबांवर अविश्वास नाही, पण वाचकाला हे कुठेतरी तपासता यायला हवं.’ मी विचारलं, मग वाचकाने काय आमच्या घरी यावं? त्यावर शांतपणे ‘पडताळण्याजोगे’ आणि ‘मूळ संशोधन नको’ अशा दोन नियमांचे दुवे आले. माणूस सभ्य होता, हे कबूल. पण दुवा देऊन बोलणाऱ्यांशी भांडता येत नाही, हा वेगळाच ताप.

बाकीचे नियम आठवडाभरात अंगवळणी पडतात. संपादन केलं की सारांशात काय केलं ते लिहायचं. कुणाच्या नावाआधी श्री, सुप्रसिद्ध, थोर काही लावायचं नाही. आपल्याच संस्थेवर, साहेबांवर किंवा मेहुण्याच्या दुकानावर लेख लिहायचा नाही. नवीन काही करून बघायचं तर आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर. कुर्डुवाडी की कुर्डूवाडी, लाइट की लाईट असल्या वादांत एका नावावर लेख ठेवायचा आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन लावायचं, विषय संपला. ही सोय मला फार आवडली. आपल्याकडे एका वेलांटीवरून संमेलनं गाजू शकतात.

पण ‘संदर्भ हवा’ काही पचेना. त्यातही जास्त झोंबलं ते असं की महाराष्ट्रातल्या असंख्य गावांच्या लेखांत हवामानाचा तोच परिच्छेद असतो. मार्च ते जून उन्हाळा, मग पावसाळा, नोव्हेंबरपासून हिवाळा, एप्रिल-मेमध्ये तापमान जास्त. गाव बदललं तरी मजकूर तोच. एप्रिलमध्ये ऊन असतं हे सांगायला ज्ञानकोश कशाला लागतो? असा परिच्छेद गावोगाव सुखाने नांदतो आणि ज्याने त्या इंजिनांचे नटबोल्ट आवळले त्या माणसाच्या ओळीला पुरावा मागतात! बरेच दिवस मी लेख सोडून हे परिच्छेदच मोजत बसायचो. बायको म्हणाली, रेल्वेवर लिहायचं होतं ना, मग हवामान खात्यात कधी लागलात? त्या काळातलं रेटिंग दोन.

सुधारणा कुठून सुरू झाली ते सांगतो. माझी समजूत अशी की संदर्भ म्हणजे इंटरनेटचा दुवा. आणि मराठीत दुवे कुठून आणायचे? वर्तमानपत्रांच्या ई-आवृत्त्यांचे दुवे काही काळाने मरतात. वेबॅक मशीनमध्ये (जुनी संकेतस्थळं साठवणाऱ्या संग्रहात) जुनं पान सापडलंच, तर युनिकोडच्या आधीच्या काळात प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा असल्यामुळे बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. हे सगळं मी चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर मांडलं. तर एकाने सांगितलं, अहो, छापील पुस्तक चालतं. ते ऑनलाइन असायलाच हवं असं नाही. नाव, लेखक, प्रकाशक, साल, पान क्रमांक नीट द्या, झालं.

हे पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत सांगायला काय जात होतं?

मग वाचनालय. अनामत रक्कम, वर्गणी, झेरॉक्स. फुकटच्या कामाला पदरचे पैसे घालणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच असेन. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोलापूर खंड काढला तर तो १८८४ चा. गाडी यायची होती तेरा वर्षांनी, त्यामुळे तो निरुपयोगी. स्वातंत्र्यानंतरच्या सुधारित आवृत्तीत मात्र दळणवळणाच्या प्रकरणात काम झालं. तिथून एकेक साल पान क्रमांकासह बसवत गेलो आणि एकेक ‘संदर्भ हवा’ उडत गेला. खरं सांगतो, त्यात मजा येते. शेवटचा उडाला त्या रात्री उगाचच पान चार वेळा उघडून पाहिलं. अर्थात आजोबांची ओळ सोडून.

आणि मग खजिना सापडला. विकिपीडिया लायब्ररी. तुमची ५०० संपादनं झाली असतील, खातं सहा महिन्यांचं असेल आणि गेल्या महिन्यात किमान १० संपादनं असतील, तर जेस्टॉरसारखे एरवी पैसे मागणारे संशोधन-लेखांचे संग्रह फुकट वाचायला मिळतात. फुकट! हे कळल्यावर माझा उत्साह बघण्यासारखा होता. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त कर, वर्ग लाव, दोन लेखांना दुवे जोड, असं करत आकडा गाठला. हेतू शुद्ध नव्हता, पण शुद्धलेखन झालं. चार तारे याचे. गावातल्या वाचनालयाच्या वर्गणीला रामराम ठोकला.

फोटोंबद्दल थोडक्यात. घरातल्या अल्बममध्ये इंजिनापुढे उभ्या असलेल्या आजोबांचा फोटो आहे. तो चढवायला गेलो, तर फोटोची प्रत तुमची, प्रताधिकार सहसा छायाचित्रकाराचा. तो स्टुडिओ कुणाचा, कधी बंद पडला, काही माहीत नाही. चिडचिड झाली, पण नियम अनाठायी म्हणवत नाही. फोटो अल्बममध्येच आहे. मजकुराचंही तेच. ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली त्याचं लेखन खुलं, बाकीच्यांचं वाचायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या शब्दांत लिहायचं.

आता अर्धा तारा. गेल्या महिन्यात एका दैनिकाच्या पुरवणीत बार्शीच्या गाडीवर पानभर लेख आला. वाचताना वाटलं, लेखकाची शैली ओळखीची आहे. असणारच, निम्मी वाक्यं माझी होती. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा, हे मला मान्य आहे. परवान्यात फक्त एवढंच आहे की श्रेय द्या आणि पुढे त्याच अटींवर द्या. श्रेय शून्य. आणि त्यात त्या ‘दोन लांब शिट्ट्या’सुद्धा होत्या! मी लेखात घालेपर्यंत ते शब्द आमच्या ओसरीबाहेर कधी गेले नव्हते.

खरी गंमत पुढेच. चार दिवसांनी एका उत्साही सदस्याने आजोबांच्या ओळीपुढचा ‘संदर्भ हवा’ काढला आणि तिथे त्या पुरवणीचा संदर्भ जोडला. अगदी नियमानुसार! दैनिक, तारीख, पान, सगळं व्यवस्थित. म्हणजे आजोबांनी सांगितलं तर पुरावा नाही, मी लिहिलं तर पुरावा नाही, पण माझं उचलून तिसऱ्याने छापलं की झाला पुरावा.

गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. एवढे महिने तीच ओळ टिकवायला धडपडत होतो. पण विकिपीडियावरूनच उचललेलं लेखन विकिपीडियाला संदर्भ म्हणून चालत नाही, हाही नियमच आहे, आणि एव्हाना मीसुद्धा दुवे देऊन बोलायला लागलो होतो. इतिहासातून माझ्या संपादनाची तारीख काढली, शेजारी पुरवणीची तारीख ठेवली, दोन्ही परिच्छेद चर्चा पानावर समोरासमोर मांडले, सही केली आणि तो संदर्भ काढून टाकला. ‘संदर्भ हवा’ स्वतःच्या हाताने परत लावला. दुसऱ्या दिवशी त्या सदस्याने माझा बदल उलटवून पुरवणीचा संदर्भ परत लावला. सारांशात लिहिलं होतं: ‘नामांकित दैनिकाचा संदर्भ कृपया काढू नये.’ चर्चा पान त्याने उघडलंच नव्हतं. माझं कोष्टक तिथे अजून तसंच पडून आहे. असल्या वेळी निवाडा पटकन करणारे हात मराठीत फार थोडे आहेत. प्रचालक (जादा अधिकार असलेले संपादक) मूठभर, आणि तेही आपल्यासारखेच नोकरी सांभाळून फुकट राबणारे. अर्धा तारा कापला तो त्यांच्यावरच्या रागाने नाही, या गोगलगाईच्या चालीबद्दल.

मी काम सोडलेलं नाही. सध्या मिरज फाट्यावरच्या स्थानकांची यादी करतोय. तुमच्याकडे कंपनीच्या काळातलं एखादं वेळापत्रक, कामगार संघटनेची स्मरणिका किंवा वारीच्या गर्दीबद्दल छापून आलेलं काहीही असलं, तर नाव, साल आणि पान क्रमांकासह कळवा. गोष्टी नकोत, त्या माझ्याकडे भरपूर आहेत. झेरॉक्सचे पैसे मी देईन, पण दोन्ही बाजूंनी काढा.