मोजपट्टी माझ्याच हातात होती

पंधरा हजार सहाशे अठ्ठेचाळीस. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लाजेपोटी शेवटपर्यंत टाळत राहीन. पोटाला बांधायचा विजेचा बेल्ट ३,४९९. त्याचे जादा जेल-पॅड १,१५०. तीन महिन्यांचा 'कोर कोच', म्हणजे फोनवरून पोटाचा व्यायाम घेणारा, ८,९९९. आणि वर आणखी २,०००. ते दोन हजार आठवले की अजून कानशिलं तापतात.

मी काही अगदीच बावळट नाही. केवायसी, पार्सल, लॉटरी असले फोन मी दुसऱ्या वाक्याला कापतो. पण माझं वजन १०४ किलो, खुर्चीतून उठताना कंबर धरते आणि डॉक्टर म्हणाले होते, "वजन उतरेल तेव्हा उतरेल, तोवर पोटाचे स्नायू बळकट करायला घ्या." सल्ला शंभर टक्के बरोबर होता. ते कसे करायचे, हे विचारायचं मात्र राहिलं. जिममध्ये हे पोट घेऊन उताणं पडायची लाज वाटायची. हे लोक नेमके त्या लाजेवरच धंदा करतात. 'घरच्या घरी, कोणी बघणार नाही' एवढ्या पाच शब्दांत मी गार.

बेल्ट लावला की पोट थडथडतं, मुंग्या येतात, काहीतरी घडतंय असं वाटतं. विजेने स्नायू आखडतो हे खोटं नाही, फिजिओथेरपीतही तसली यंत्रं असतात. पण वरची चरबी त्याने विरघळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्याच तीन बेल्टांच्या जाहिरातदारांवर २००२ साली कारवाई केली होती. म्हणजे वीस वर्षांहून जुनी थाप मी ताजी म्हणून घेतली.

आता तो क्षण. पहिल्या दिवशी बेल्टवाल्यांच्या कोचने व्हिडिओ कॉलवर कंबर मोजायला लावली. रात्रीची वेळ, जेवण झालेलं, "पोट सैल सोडा सर, बेंबीवरून घ्या." ११२ सेंटिमीटर. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा कॉल. या खेपेला सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, "श्वास पूर्ण सोडा सर, आणि टेप बेंबीच्या चार बोटं वर." १०७. मी विचारलं होतं हो! "मागच्या वेळी बेंबीवरून घेतलं होतं ना?" तो म्हणाला, "सर, तुमचं फॅट शिफ्ट झालंय, आता कंबर वर सरकली."

कंबर वर सरकली. आणि मी म्हणालो, "अच्छा." मोजपट्टी माझ्याच हातात होती. दोन्ही आकडे वहीत माझ्याच अक्षरात, वेळेसकट लिहिलेले आहेत, २२.१० आणि ६.४०. वाण्याच्या काट्यावर नजर ठेवणारा मी, स्वतःच्या पोटाच्या मापात डोळ्यांदेखत फसलो. त्याच कॉलवर ८,९९९ भरले, कारण 'आत्ता सोडलंत तर पाच सेंटिमीटर परत येतील'. माप घ्यायचंच असेल तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घ्या, श्वास सहज सोडून. निदान दर वेळी जागा तरी तीच ठेवा.

कोर्स म्हणजे काय, तर रोज शंभर सिट-अप, उताणं पडून धड उचलायचं. १९८४ च्या एका अभ्यासात तेरा जणांनी सत्तावीस दिवसांत ५,००४ सिट-अप काढले होते. त्यांच्या पोटावरची चरबी पाठीच्या किंवा कुल्ल्यांवरच्या चरबीपेक्षा जास्त काही घटली नाही. हे मी पैसे भरल्यावर वाचलं. आधी वाचलं असतं तरी त्या कॉलनंतर मी ऐकलं असतं का, देव जाणे.

तिसऱ्या आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, हे मधे काय वर आलंय?" अर्धा उठलो की छातीखालून बेंबीपर्यंत छपराच्या आढ्यासारखा उभा उंचवटा. फोटो काढून कोचला पाठवला. उत्तरात तीन आगीचे इमोजी आणि, "ॲब्स निघायला लागले सर!!" तो फोटो मी अभिमानाने दोन मित्रांनाही पाठवला, हे इथे लिहायला नको होतं.

कंबर पार आखडल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. बाईंनी पडल्या पडल्या मान उचलायला लावली आणि बेंबीच्या वर दोन बोटं आत घातली. पोटाचे समोरचे दोन उभे स्नायू मधल्या पट्टीने जोडलेले असतात, ती पट्टी ताणून फाकली होती. बाळंतिणींना होतं तेच, मोठ्या पोटाच्या पुरुषांनाही होतं. त्यावर मी श्वास कोंडून शंभर-शंभर सिट-अप मारत होतो. "कोचने हर्निया, बीपी, आधीचं ऑपरेशन काही विचारलं होतं का?" नाही. त्याने फक्त कार्डाची एक्स्पायरी विचारली होती. जो हे विचारत नाही त्याला एक पैसा देऊ नका. आणि बेंबीपाशी फुगवटा दिसला तर कोचला नाही, डॉक्टरला दाखवा.

रिफंड मागितला तर 'प्रोसेसिंग डिपॉझिट' म्हणून २,००० घेतले. हो, भरले. फसलेला माणूस फसलेले पैसे सोडवायला आणखी फसतो. पैसे परत करायला कोणी पैसे मागितले की समजा, गेले.

पुढची वरात ऐका. बँक म्हणाली, ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. सायबरवाल्यांकडे दीड तास बाकावर बसलो, साहेबांनी बेल्ट उलटसुलट करून पाहिला, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." शेजारचा शिपाई माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "चालतो का हा?" आणि दोघं हसले. ग्राहक मंचाच्या खिडकीवर, "विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणा." पत्ता असता तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? डब्यावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस 'अपूर्ण पत्ता' शेरा मारून परत आली. ती घेऊन गेलो तर खिडकीवर दुसराच माणूस, त्याने मला पुन्हा सायबरकडे धाडलं. चार चकरा, दोन अर्ध्या रजा. कॉल रेकॉर्ड आणि पावत्या पहिल्याच दिवशी जपून ठेवा, हे मला कोणी सांगितलं नाही. कोचने त्याच्या बाजूची चॅट पुसली होती.

फिजिओच्या बाईंनी जे शिकवलं त्यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून जाहिरातही नाही. जमिनीवरचा प्लँक, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग ताठ धरणं, नको, हात टेबलावर टेकून तिरका, दहा सेकंद. पाठीवर पडून गुडघे वाकवायचे आणि एकेक टाच पुढे सरकवायची, कंबर उचलू द्यायची नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. उंचवटा दिसला की थांबायचं. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर. चरबी आहे तिथेच आहे, पण तिच्याखालचा स्नायू घट्ट होतोय. मोजे उभ्याने घालता येतात आता.

गेल्या आठवड्यात बायकोने फोन पुढे केला. त्याच कंपनीची नवी जाहिरात, '२८ दिवसांत ५ सेंटिमीटर, ॲब्स बाहेर!' फोटोतून चेहरा कापून टाकलेला, आढ्यासारखा उंचवटा, बेंबीच्या डावीकडे तीळ. रिपोर्ट केलं. उत्तर आलं, 'यात आमच्या नियमांचा भंग आढळला नाही.' जाहिरात अजून चालू आहे. तीळ दिसला तर तो मी.