ग्रंथपालांच्या ईमेल ग्रुपवर नऊ महिने

सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं विणलं. त्याच बडोद्यातल्या एका कॉलेजात मी एकटी ग्रंथपाल. जोडीला एक अटेंडंट, परीक्षा आल्या की ऑफिसवाले त्यालाही ओढून नेतात. असो. अडलं तर विचारायचं कोणाला, म्हणून गेल्या जुलैत कॉलेज-विद्यापीठांतल्या ग्रंथपालांच्या एका ईमेल ग्रुपात शिरले. देशभरातली माणसं, कारभार इंग्रजीत. 'घेऊ का गं मीपण सदस्यत्व?' असं दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून हे लिहिते.

पहिला आठवडा नुसता वैताग. कोणाला पीएच.डी. मिळाली की पन्नास जण 'हार्दिक अभिनंदन' लिहिणार, तेही सगळ्यांना. मधूनमधून फी भरून पेपर वाचायच्या सेमिनारांच्या जाहिराती. बाहेर पडणारच होते, तेवढ्यात एका जुन्या सदस्याने सेटिंगमध्ये 'डायजेस्ट' निवडायला सांगितलं. आता दिवसाच्या मेल एका गठ्ठ्यात येतात, चहाबरोबर विषय चाळते आणि बहुतेक सोडून देते.

खरी परीक्षा दिवाळीनंतर झाली. आम्ही कॅटलॉग सोल या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधून कोहा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवला. इंग्रजी पुस्तकं नीट आली, पण गुजराती-मराठी शीर्षकांच्या जागी नुसता चिन्हांचा कचरा. आमची मराठीची दोन कपाटं पडद्यावरून गायबच म्हणा ना! ज्याला काम दिलं होतं तो फोन उचलेना. ग्रुपवर 'कोहा: मदत हवी' असा विषय घालून मेल टाकली. दोन दिवस चिडीचूप. मग विषय बदलला: 'सोल ते कोहा: मार्क फाइल आयात केल्यावर गुजराती अक्षरं बिघडतात', आणि बिघडलेली एक नोंद जोडली. (मार्क म्हणजे पुस्तकांच्या नोंदी संगणकात साठवायचा ठरलेला साचा.) चार तासांत उत्तर. लीडरमधली, म्हणजे नोंदीच्या सुरुवातीच्या ओळीतली, ०९ क्रमांकाची जागा बघा. तिथे इंग्रजी 'ए' असेल तर नोंद सगळ्या लिप्या चालणाऱ्या युनिकोडमध्ये. जागा रिकामी असेल तर ती मार्क-८ या जुन्या अक्षरसंचात आहे असं धरलं जातं.

मी नववं अक्षर मोजून बदललं. फरक शून्य. परत विचारायची लाज वाटली, तरी विचारलं. एका ओळीत उत्तर आलं, 'मॅडम, मोजणी शून्यापासून.' म्हणजे दहावं अक्षर! मार्कएडिट या नोंदी सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या नोंदी एकदम दुरुस्त केल्या, पुन्हा आयात केल्या आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही कपाटं जागेवर.

हे उत्तर देणारे गृहस्थ ग्रुपवर एरवी कधी दिसले नव्हते. नऊ महिन्यांत हेच पाहतेय: रोज बोलणारे वेगळे आणि कामाचं सांगणारे वेगळे. हे दुसरे बहुधा खाजगी मेलवर उत्तर देतात, त्यामुळे जुन्या मेल शोधल्या तर प्रश्न सापडतो, उत्तर नाही. माझी मोठी तक्रार हीच. व्हॉट्सॲपपेक्षा ईमेल बरी म्हणायची ती जुनं शोधता येतं म्हणून, आणि तिथेच ही बोंब.

धोरणाच्या बाबतीत मात्र ग्रुपवर विसंबू नका. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही संशोधन नियतकालिकांची सरकारी योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. पण कोणाला लागू, लॉगिन कसं, यावर ग्रुपवर आठ जणांची आठ मतं. अशा वेळी मी सरळ अधिकृत साइट उघडते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या प्रश्नांचंही तेच.

एक फजिती सांगायलाच हवी. मैत्रिणीच्या मेलला उत्तर देताना 'शनिवारी सेव-उसळ खायला ये' हे सबंध ग्रुपला गेलं. गेलेली मेल परत ओढता येत नाही. आसामच्या एका प्राध्यापकांनी सेव-उसळ म्हणजे काय, हे अगदी गंभीरपणे विचारलं. त्या प्रश्नाला मात्र सात उत्तरं आली, सगळी ग्रुपवर.

पाचपैकी साडेतीन. मोठ्या विद्यापीठात शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी असेल तर याची फारशी गरज नाही. एकटीने लायब्ररी ओढणाऱ्यांनी जरूर घ्या, पण पहिल्याच दिवशी डायजेस्ट लावा.

मागच्या महिन्यात वाराणसीच्या एकीने हिंदी शीर्षकांबद्दल तोच लीडरचा प्रश्न टाकला. मी उत्तर ग्रुपवरच दिलं आणि 'शून्यापासून' हा शब्द ठळक केला.