विक्शनरीतून शब्दसामग्री काढणारी साधने : एक परीक्षण

विक्शनरी हा कोणालाही भर घालता येणारा मुक्त ऑनलाइन शब्दकोश. त्याचे पान माणसाने वाचावे म्हणून लिहिलेले असते. शब्दाची रूपे, उच्चार, व्युत्पत्ती यांपैकी बरेच काही पानाच्या मूळ मजकुरात नसतेच. तेथे केवळ साच्याचे (ठरावीक मजकूर आपोआप भरणाऱ्या टेम्प्लेटचे) नाव असते आणि प्रत्यक्ष माहिती पान उघडताना ल्युआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली मोड्यूल्स, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, तयार करतात. विक्शनरी चालवणाऱ्या विकिमीडियाच्या प्रकल्पांवर ही सोय २०१३ मध्ये आली. त्यामुळे नुसत्या डम्पवर (सर्व पानांच्या मूळ मजकुराच्या एकत्रित फाइलीवर) रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारे सूत्र, चालवून विभक्तिरूपे काढू पाहणाऱ्याला साच्यांची नावे मिळतात, रूपे मिळत नाहीत. असे साधन पारखताना मी सर्वप्रथम हीच गोष्ट पाहतो.

या कसोटीला विक्टेक्स्ट्रॅक्ट पूर्णपणे उतरते. दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणाऱ्या एसएसएच प्रोटोकॉलचे जनक तातू युलोनेन यांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत रचलेले हे साधन साचे आणि ल्युआ मोड्यूल्स प्रत्यक्ष चालवते, मग तयार झालेला मजकूर वाचते, आणि प्रत्येक नोंद जेसॉन या संगणकाला वाचता येणाऱ्या स्वरूपाच्या एकेका ओळीत देते. उपअर्थ कोणत्या मुख्य अर्थाखाली येतो हेही त्यात टिकून राहते, आणि कोशाचे काम करणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. संपूर्ण इंग्रजी डम्प चालवणे वेळखाऊ आणि संगणकाच्या स्मृतीवर भार टाकणारे आहे. मात्र काईकी या संकेतस्थळावर तयार फाइली उतरवून घेता येतात, आणि बहुतेकांनी तसेच करावे.

खरी अडचण भाषांतरांची आहे. विक्शनरीत भाषांतरांचे तक्ते अर्थांच्या यादीपासून वेगळे असतात आणि तक्त्याच्या माथ्यावर अर्थाचा थोडक्यात उल्लेख असतो, जो व्याख्येशी शब्दशः जुळेलच असे नाही. ‘बँक’ या इंग्रजी शब्दासमोर ‘पेढी’ आणि ‘काठ’ ही दोन्ही मराठी भाषांतरे आली, तर कोणते कोणत्या अर्थाचे हे त्या त्रोटक उल्लेखावरूनच ठरवावे लागते. हा दोष साधनाचा नसून मूळ रचनेचा आहे. तरीही द्विभाषिक यादी करणाऱ्याने अशा नोंदी हाताने तपासल्याशिवाय वापरू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या प्रश्नाला फ्रान्समधील ग्रनोब्लमध्ये विकसित झालेल्या डीबीनॅरी या दुसऱ्या साधनाने थेट हात घातला, भाषांतरे योग्य अर्थाला जोडण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणूनच मला त्या प्रकल्पाविषयी विशेष आदर वाटतो. त्याची सामग्री आरडीएफ या, माहितीचे परस्परसंबंध नोंदवणाऱ्या स्वरूपात मिळते. अशा सामग्रीला प्रश्न विचारण्याची स्पार्कल ही भाषा येत असेल तर अनेक भाषांच्या विक्शनऱ्या एकत्र धुंडाळता येतात, पण ती भाषा नव्याने शिकावी लागणाऱ्याला सुरुवात जड जाते. जर्मनीतील डार्मस्टाटच्या विद्यापीठात घडलेले जेडब्ल्यूकेटीएल हे जावा या प्रोग्रामिंग भाषेतले तिसरे साधन (सॉफ्टवेअर लायब्ररी) विक्शनरीच्या इंग्रजी, जर्मन आणि रशियन आवृत्त्यांपुरते आहे. नव्या कामासाठी मी ते सुचवणार नाही.

साधन कोणतेही निवडले, तरी काढलेल्या सामग्रीसोबत डम्पची तारीख नोंदवून ठेवावी, कारण पाने रोज बदलतात आणि तारखेवाचून तीच यादी पुन्हा काढता येत नाही. विक्शनरीचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश व समान-वाटप परवान्याखाली असल्याने, त्यावरून तयार केलेला कोश प्रसिद्ध करताना श्रेय द्यावे लागते आणि तो त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो.